लिनक्स सर्व्हरची फाइल सिस्टिम पुन्हा पुन्हा करप्ट होते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीज गेली, सर्व्हर धाडकन बंद पडला, चालू होताना एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) फिरली आणि काम पुढे सुरू झालं, एवढं कधीतरी घडलं तर काळजीचं कारण नाही. दुरुस्त केलेली फाइल सिस्टिम आठ-पंधरा दिवसांत पुन्हा बिघडते, त्यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरणं मुख्यतः एक्स्ट४ या फाइल सिस्टिमची आहेत, कारण डेबियन आणि उबुंटूवर बहुतेकांकडे तीच असते. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमनमध्येच टाइप करा.

एफएससीके चालवली की सगळं नीट होतं, पण थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. एफएससीकेच नीट काम करत नाही का?

एफएससीके तिचं काम चोख करते. फक्त ते काम आपण समजतो त्यापेक्षा फार लहान आहे. इनोड (प्रत्येक फाइलीची नोंद), डिरेक्टरी, मोकळ्या ब्लॉकांचा नकाशा यांचा आपसांत मेळ बसतो की नाही, एवढंच ती पाहते आणि मेळ बसत नसेल तर बसवून देते. फाइलीत खरं काय होतं हे तिला ठाऊक नसतं, आणि बिघाड कशामुळे झाला याच्याशी तिला घेणंदेणं नसतं.

एक्स्ट४ मध्ये जर्नल (बदल करण्याआधी ते टिपून ठेवणारी वही) आहे ते मुळात अचानक बंद पडण्यासाठीच. नुसती वीज गेल्याने तिच्या रचनेत गोंधळ होता कामा नये. जर्नल पुन्हा वाचून ती स्वतः सावरते. तरीही रचना वारंवार मोडत असेल, तर खालच्या थरांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय : डिस्क, केबल, कंट्रोलर, रेड (अनेक डिस्का एकत्र वापरण्याची पद्धत), व्हर्च्युअल मशीनचा (व्हीएम) होस्ट, रॅम किंवा खुद्द कर्नल. तो थर शोधेपर्यंत एफएससीके म्हणजे गळक्या छपराखाली रोज फरशी पुसणं.

आत्ता या क्षणी सर्व्हर रीड-ओन्ली झालाय. आधी काय करू?

रीबूट करू नका. निदान पाच मिनिटं तरी नको.

रूट पार्टिशन रीड-ओन्ली झालं की लॉगसुद्धा डिस्कवर लिहिले जात नाहीत. बिघाडाच्या क्षणाच्या ओळी फक्त मेमरीत असतात आणि रीबूट केलं की गेल्या. म्हणून पहिली कमांड डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी), आणि तिचं आउटपुट एसएसएचवरून दुसऱ्या मशीनवर. दुसरं काम, रात्रीचा बॅकअप थांबवा. आरसिंक ‘डिलीट’ पर्यायासह चालत असेल, तर मूळ डिस्कवरून गायब झालेल्या फाइली तो बॅकअपमधूनही इमानेइतबारे पुसून टाकेल. तिसरं, ज्याचा ताजा बॅकअप नाही ते आताच वाचून बाहेर काढा. रीड-ओन्ली अवस्थेत वाचता येतं. दुरुस्तीनंतर ती फाइल जागेवर असेलच असं नाही.

इथे एक गोष्ट बरेचजण पाहत नाहीत. डेबियन आणि उबुंटूचे इन्स्टॉलर रूट पार्टिशनला ‘एरर आली की रीड-ओन्ली’ ही सेटिंग एफस्टॅबमध्ये (माउंटच्या सेटिंगची फाइल) घालून देतात. तुम्ही नंतर हाताने जोडलेल्या डेटा डिस्कवर मात्र सहसा मूळ डीफॉल्ट राहतो, आणि तो आहे ‘कंटिन्यू’. म्हणजे रचना मोडलेली असूनही लिहिणं चालूच. ट्यून२एफएस वापरून तिथेही रीमाउंट-आरओ लावून ठेवा. सर्व्हर थांबला तर लोक ओरडतील, पण नुकसान तिथेच थांबेल.

डीमेसेजमध्ये नेमकं काय शोधायचं? शेकडो ओळी आहेत.

एक्स्ट४ ची तक्रार शोधा आणि मग तिच्या *वर* वाचत जा. फाइल सिस्टिम बहुधा सगळ्यांत शेवटी बोलते. तिच्या आधी काही सेकंद किंवा मिनिटं काय झालं, हा खरा प्रश्न.

वर ‘आय/ओ एरर’, ‘मीडियम एरर’, ‘फेल्ड कमांड : रीड एफपीडीएमए क्यूड’, ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ अशा ओळी असतील तर शोध सोपा आहे. डिस्कने किंवा तिच्यापर्यंतच्या वाटेने काम नाकारलं, आणि तसं सांगितलंही. पुढचा प्रश्न वाचा.

वर असं काहीच नसेल आणि एकदम ‘डिलीटेड इनोड रेफरन्स्ड’, ‘बॅड एंट्री इन डिरेक्टरी’, ‘चेकसम इनव्हॅलिड’ अशी ओळ आली असेल, तर प्रकरण जास्त गंभीर आहे. डिस्कने ‘हे घ्या’ म्हणून निर्धास्तपणे चुकीची माहिती दिली किंवा मुळात चुकीची माहिती लिहिली गेली. अशा वेळी संशय रॅम, कंट्रोलर, एकच डिस्क दोन ठिकाणी माउंट होणं किंवा कर्नल यांच्यावर घ्यायचा.

‘अटेम्प्ट टू अ‍ॅक्सेस बियाँड एंड ऑफ डिव्हाइस’ ही ओळ दिसली तर हार्डवेअरला दोष देण्याआधी पार्टिशनचा आकार तपासा. फाइल सिस्टिम लहान न करता पार्टिशन किंवा एलव्हीएमचा (डिस्कची जागा वाटणारा थर) व्हॉल्यूम लहान केला की हेच होतं.

लॉग उडालेच असतील तरी एक पुरावा उरतो. एक्स्ट४ आपल्या सुपरब्लॉकमध्ये (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला ब्लॉक) एररची संख्या, पहिल्या एररची वेळ आणि शेवटच्या एररची वेळ टिपून ठेवते. ट्यून२एफएस ‘-एल’ (स्मॉल एल) दिलं की ती दिसते. एफएससीके यशस्वी झाली की ही नोंद पुसली जाते, म्हणून दुरुस्तीच्या आधी तिचा फोटो काढा. पहिल्या एररची वेळ आणि ‘त्या आठवड्यात आपण काय बदललं’ हे शेजारी शेजारी ठेवलं, की बरेचदा उत्तर तिथेच सापडतं : नवी रॅम, नवं कर्नल, डिस्क दुसऱ्या खोक्यात हलवली, व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेलं.

स्मार्टमध्ये (डिस्कचा स्वतःचा तब्येतीचा अहवाल) ‘पास्ड’ लिहून येतं. म्हणजे डिस्क चांगली आहे ना?

नाही. ‘पास्ड’ याचा अर्थ कंपनीने ठरवलेली मर्यादा अजून ओलांडलेली नाही, इतकाच. शेकडो सेक्टर मेलेल्या डिस्काही ‘पास्ड’ सांगतात.

स्मार्टसीटीएल ‘-ए’ चालवून आकडे स्वतः वाचा. साटा डिस्कवर ५ क्रमांकाचा गुण म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाची वाट बघणारे, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. १९७ शून्याच्या वर गेला की मी डिस्क बदलतो, वाद घालत बसत नाही. १९९ मात्र वेगळा आहे : तो डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातल्या वाटेवरच्या सीआरसी चुका मोजतो. तो वाढत असेल तर दोनशे रुपयांची साटा केबल बदलून पाहा, मग नव्या डिस्कची ऑर्डर द्या. हा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही. वाढायचा थांबला का, ते बघायचं. एनव्हीएमई असेल तर ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ ही ओळ पाहा. त्यानंतर लाँग टेस्ट लावा. मोठ्या डिस्कला त्यात बरेच तास जातात, पण छोट्या टेस्टवर विसंबू नका.

घरगुती वापराच्या डिस्का सर्व्हरमध्ये लावल्या असतील तर आणखी एक भानगड आहे. खराब सेक्टर भेटला की अशी डिस्क तो वाचायचा हट्ट दोन-दोन मिनिटं सोडत नाही. कर्नल मात्र साधारण ३० सेकंदांनी कंटाळून लिंक रिसेट करतं, आणि रेडमध्ये असेल तर एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाहेर फेकली जाऊ शकते. डिस्कला जमत असेल तर स्मार्टसीटीएलने ‘एससीटीईआरसी’ ७०,७० ठेवा, म्हणजे ती ७ सेकंदांत हार मानेल. काही डिस्का हे प्रत्येक वेळी वीज गेल्यावर विसरतात, तेव्हा बूटच्या वेळी पुन्हा लावावं लागतं. जमत नसेल तर उलट करा : कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा.

डिस्क नवी, केबल नवी, तरी करप्शन. आता?

रॅम. खरं तर हा संशय लोकांना फार उशिरा येतो.

लिनक्स फाइली आणि मेटाडेटा (फाइलींबद्दलची माहिती) मेमरीत ठेवून काम करतं आणि सवडीने डिस्कवर लिहितं. त्या मधल्या काळात एक बिट उलटला तर चूक डिस्कवर कायमची जाते. एक्स्ट४ मध्ये २०१२ पासून मेटाडेटाला चेकसम (माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) देण्याची सोय आहे आणि आताचे एमकेएफएस (फाइल सिस्टिम बनवणारी कमांड) ती आपोआप लावतात. पण बिट चेकसम काढण्याआधीच उलटला असेल, तर चुकीच्या माहितीवर अचूक चेकसम बसतो.

मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवा. एका फेरीत काही न सापडणं म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) मेमरी असेल तर एडॅकचे (त्या चुका मोजणारा कर्नलचा भाग) आकडे पाहा : ‘सीई काउंट’ म्हणजे पकडून दुरुस्त केलेल्या चुका. तो हळूहळू वाढत असेल तर ती पट्टी निवृत्त करायची वेळ झाली.

सर्व्हर बंद न करता करता येण्याजोगी एक चाचणी मला फार आवडते. रॅमपेक्षा मोठी, कुणी हात न लावणारी एक फाइल घ्या. तिचा एसएचए२५६सम काढा, पेज कॅश (फाइलींची मेमरीत ठेवलेली प्रत) रिकामी करा, पुन्हा काढा. असं वारंवार करा. एकदा जरी उत्तर वेगळं आलं, तरी फाइल सिस्टिम यातून सुटली. डिस्कपासून सीपीयूपर्यंतच्या वाटेत कुठेतरी बिट बदलतायत.

आमच्याकडे रेड आहे. मग करप्शन येतंच कसं?

रेड डिस्क मरण्यापासून वाचवतं; चुकीच्या लिखाणापासून नाही. वरून चुकीचा ब्लॉक आला तर रेड-१ तो दोन्ही डिस्कांवर तितक्याच निष्ठेने लिहितो. दोन डिस्कांवर वेगवेगळं निघालं तर खरं कोणतं, हे त्याला सांगता येत नाही. एमडी रेड (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड) असेल तर ‘चेक’ लावून मिसमॅच काउंट पाहा. रेड-५ किंवा ६ वर तो शून्य नसेल तर कारण शोधायलाच हवं. रेड-१ वर स्वॅप असेल तर थोडे मिसमॅच निरुपद्रवीही असू शकतात.

हार्डवेअर रेड कार्ड असेल तर सगळ्यांत आधी त्याची बॅटरी. लिखाण कार्डच्या कॅशमध्ये थांबतं आणि वीज गेल्यावर बॅटरी ते जपते. बॅटरी मेली की कार्डाने कॅश वापरणं सोडायला हवं. पण ‘बॅटरी असो वा नसो, राइट-बॅक चालू ठेव’ अशी सेटिंग असते आणि वेग कमी झाला म्हणून कुणीतरी ती कधीकाळी लावून ठेवलेली असते.

वीज वारंवार जाते. यूपीएस घेतला की प्रश्न सुटेल?

घ्याच, पण नुसता यूपीएस पुरे नाही; बॅटरी संपत आली की सर्व्हरला व्यवस्थित बंद करणारी एनयूटीसारखी व्यवस्था त्याला जोडा. घरचा इन्व्हर्टर बहुधा वीज गेल्यावर थोडा अडखळतो आणि पंख्या-दिव्याला ते चालतं, सर्व्हरला नाही.

त्याचबरोबर माउंटचे पर्याय तपासा. ‘नोबॅरियर’ किंवा ‘बॅरियर=०’ दिसलं तर काढून टाका. बॅरियर म्हणजे ‘जर्नल खरोखर डिस्कवर उतरल्याशिवाय पुढचं लिहू नकोस’ हा हुकूम. तो बंद केला तर जर्नलला अर्थच उरत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये लिनक्स ३.६ च्या सुमारास ‘एक्स्ट४ डेटा खाते’ अशी हाकाटी झाली होती. तपासाअंती ज्याच्याकडे हे घडलं त्याने असेच नेहमीच्या वापरात नसलेले माउंट पर्याय लावलेले निघाले.

एसएसडी घेताना वीज गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर असलेली घ्या. स्वस्त एसएसडीत ते नसतात.

आमचा सर्व्हर व्हीएम आहे. तिथे डिस्क-केबलचा प्रश्नच येत नाही ना?

येतो, फक्त तुम्हाला दिसत नाही. आणि व्हीएमची स्वतःची काही दुखणी आहेत.

सगळ्यांत घातक : एकच व्हर्च्युअल डिस्क किंवा एकच आयस्कझी लन (नेटवर्कवरून मिळणारी डिस्क) दोन मशीनवर माउंट होणं. एक्स्ट४ आणि एक्सएफएस या क्लस्टरच्या फाइल सिस्टिम नाहीत. दोघांपैकी प्रत्येकाला वाटतं डिस्क माझीच. मोकळे ब्लॉक दोघेही आपापल्या हिशेबाने वाटतात. व्हीएम क्लोन केलं पण लन तेच राहिलं, फेलओव्हरमध्ये जुना नोड मेलाच नव्हता, कुणीतरी ‘फक्त बघायला’ म्हणून होस्टवरूनच डिस्क माउंट केली. कारणं अशी साधीच असतात. हार्डवेअरच्या सगळ्या चाचण्या स्वच्छ आणि करप्शन मात्र नेमाने, असं असेल तर मी पहिल्यांदा हेच विचारतो. एक्स्ट४ ला एमएमपी नावाचं मल्टिपल माउंटविरुद्धचं संरक्षण आहे. सामायिक स्टोरेजवर ते चालू करून ठेवा.

केव्हीएम-क्यूएमयूवर डिस्कचा कॅश मोड ‘अनसेफ’ आहे का पाहा. त्यात गेस्टने केलेली फ्लशची विनंती होस्ट सरळ दुर्लक्षित करतो. इन्स्टॉलेशन झटपट व्हावं म्हणून लावतात आणि काढायचं विसरतात. तिसरं, एलव्हीएमचा थिन पूल (असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा कबूल करणारा). तो भरला की लिहिणं डीफॉल्टप्रमाणे ६० सेकंद ताटकळतं आणि मग एरर मिळू लागते. आत डीएफ कमांड अर्धी डिस्क मोकळी दाखवत असते आणि खाली जागाच नसते.

कर्नलचाच बग असू शकतो का?

क्वचित, पण हो. दोन प्रसंग लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

२०१८ च्या शेवटी लिनक्स ४.१९ वर एक्स्ट४ करप्ट होण्याच्या तक्रारी आल्या. आठवडे गेले, सगळे एक्स्ट४ च्या कोडकडे बोट दाखवत होते. शेवटी चूक निघाली ब्लॉक लेयरच्या (फाइल सिस्टिम आणि डिस्क यांच्यामधला कर्नलचा थर) मल्टिक्यू कोडमध्ये, तीही ‘नन’ शेड्युलर असतानाच बाधणारी. जेन्स अ‍ॅक्सबो यांची दुरुस्ती डिसेंबरमध्ये ४.१९.८ मध्ये आली. एक्स्ट४ निर्दोष होती. तक्रार तिने केली म्हणून संशय तिच्यावर.

डिसेंबर २०२३ मध्ये उलट झालं. स्थिर म्हणवणाऱ्या ६.१.६४ मध्ये एक्स्ट४ चा एक बदल मागे आणला गेला, पण तो ज्या दुसऱ्या बदलावर अवलंबून होता तो आणला गेला नाही. थेट लिखाणात डेटा बिघडू लागला. डेबियनने १२.३ ची घोषणा थांबवली आणि लगेच ६.१.६६ घेऊन १२.४ आणली.

यातून कामाची गोष्ट एवढीच : करप्शन कर्नल अपडेटनंतर सुरू झालं असेल तर ग्रबमधून (बूटचा मेनू) जुन्या कर्नलवर जाऊन पाहणं सगळ्यांत स्वस्त चाचणी आहे. जुनी कर्नल घाईने पुसून टाकू नका.

एफएससीके ‘-वाय’ (प्रत्येक प्रश्नाला ‘हो’) देऊन बिनधास्त चालवू का?

आधी ‘-एन’. त्यात काहीही न लिहिता ती फक्त सांगते. यादी दहा ओळींची असेल तर एक गोष्ट, हजारो ओळींची असेल तर ‘-वाय’ म्हणजे डोळे मिटून सही करणं.

डिस्क आजारी असण्याची शक्यता असेल तर दुरुस्ती तिच्यावर करूच नका. जीएनयू डीडीरेस्क्यूने मॅप फाइलसह तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि एफएससीके प्रतीवर चालवा. (डेबियनमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, हे न कळल्याने भलतंच पॅकेज टाकलं जातं.) प्रत शक्य नसेल तर ई२एफएससीकेला ‘-झेड’ देऊन अनडू फाइल ठेवा, अर्थात दुसऱ्या डिस्कवर.

माउंट असलेल्या फाइल सिस्टिमवर एफएससीके कधीही नाही. ते स्वतःच करप्शनचं कारण आहे. रूट पार्टिशनसाठी रेस्क्यू मोडमधून बूट करा किंवा कर्नलच्या ओळीत एफएससीके.मोड=फोर्स द्या.

‘बॅड मॅजिक नंबर’ म्हणाली तर घाबरू नका. ४ केबीच्या ब्लॉकवर सुपरब्लॉकच्या प्रती ३२७६८, ९८३०४, १६३८४० इथे असतात. ‘-बी’ देऊन त्यांतली एखादी वापरता येते. पण त्याआधी तुम्ही भलत्याच पार्टिशनवर तर नाही ना, हे बघा. पुष्कळदा तसंच असतं.

लॉस्ट+फाउंडमध्ये आकड्यांच्या नावाच्या फाइली आल्यात. पुसू?

पुसण्याआधी ‘फाइल’ कमांडने प्रकार ओळखा. नाव हरवलेलं असतं, मजकूर बहुधा शाबूत.

एक्सएफएसला हे सगळं लागू आहे का?

कारणं तीच, हत्यारं वेगळी. एफएससीके.एक्सएफएस सहसा काहीच करत नाही. तो फक्त नावापुरता आहे. दुरुस्ती एक्सएफएस_रिपेअरने. लॉग शिल्लक असल्याचं ती सांगेल, तेव्हा एकदा माउंट करून लॉग लागू होऊ द्या आणि अनमाउंट करा. माउंटच होत नसेल तरच ‘-एल’ (कॅपिटल एल). त्याने लॉग फेकला जातो आणि ताजे बदल त्याच्याबरोबर जातात. नेटवर जिथे तिथे हा पर्याय पहिला उपाय म्हणून सुचवलेला दिसतो, तो शेवटचा आहे.

बीटीआरएफएस किंवा झेडएफएसवर गेलो तर सुटका होईल?

बिघाड थांबणार नाही, पण लवकर पकडला जाईल. या दोन्ही फाइलींच्या मजकुरालाही चेकसम लावतात. एक्स्ट४ आणि एक्सएफएस फक्त मेटाडेटाला. दुसरी प्रत असेल तर त्या खराब ब्लॉक स्वतः दुरुस्तही करतात. ज्यांच्याकडे रॅम खराब आहे त्यांना बीटीआरएफएस पहिल्या आठवड्यातच एरर दाखवते, आणि मग लोक म्हणतात बीटीआरएफएस वाईट. तिचं ‘चेक --रिपेअर’ मात्र जाणकाराने सांगितल्याशिवाय चालवू नका; आधी स्क्रब (सगळे चेकसम तपासणं), मग रिस्टोर.

एफएससीके आता स्वच्छ सांगते. डेटावर विश्वास ठेवू?

अजून नाही. रचना नीट आहे एवढंच कळलं. सिस्टिमच्या फाइलींसाठी डेबियनवर डेबसम्स, रेड हॅटच्या घराण्यात आरपीएम ‘-व्हीए’ चालवा. बदललेली पॅकेजं पुन्हा टाका. डेटाबेसला त्याच्या स्वतःच्या तपासणीतून काढा.

डेटाबेसबाबत एक जुना गैरसमज २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलच्या मंडळींनी उघडा पाडला. एफसिंक (‘हे डिस्कवर लिही’ ही विनंती) एकदा अयशस्वी झाला तर लिनक्स ती पानं ‘लिहून झाली’ अशी खूण करून मोकळं होऊ शकतं. पुन्हा एफसिंक केलं की यश मिळतं, पण डेटा डिस्कवर नसतो. त्यामुळे २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत पोस्टग्रेएसक्यूएल अशा वेळी मुद्दाम कोसळतं आणि आपल्या लॉगवरून सावरतं. तुमचा डेटाबेस ‘उगाच’ क्रॅश होत असेल तर आधी डीमेसेज पाहा.

सगळं तपासलं, दोषी सापडत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख लिहून ठेवा. केबल, मग पोर्ट, मग रॅमच्या अर्ध्या पट्ट्या काढून, मग पॉवर सप्लाय. पॉवर सप्लाय शेवटी सुचतो, पण भार वाढला की व्होल्टेज झुकणारा जुना सप्लाय कितीतरी ‘गूढ’ डिस्क एररच्या मुळाशी असतो. मदरबोर्ड, रेड कार्ड आणि एसएसडी यांची फर्मवेअर अद्ययावत करा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि त्रास थांबला, तर जुनी रॅम कपाटात जाते आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या सर्व्हरमध्ये बसते.

कारण सापडल्यावर, अनेकदा दुरुस्त झालेली ती फाइल सिस्टिम तशीच वापरत राहू नका. नव्याने एमकेएफएस करा आणि पहिल्या एररच्या *आधीच्या* तारखेचा बॅकअप उतरवा. सुपरब्लॉकमधून टिपून ठेवलेली तारीख ती हीच.